परक्या सामन्यातील ‘आपण’

आंतरराष्ट्रीय फुटबॉल पाहणारा वर्ग आता महानगरांपुरता राहिलेला नाही. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावीही विश्वचषकाच्या दिवसांत रात्री जागविणारे तरुण आढळतात. ज्याची दृष्टी क्रिकेट आणि कबड्डी यांवर पोसली, त्या प्रेक्षकाला हा खेळ का आवडावा, आणि तोही स्वदेशाचा संघ मैदानात नसताना, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाशास्त्राचा आहे. परंतु त्याचे एक अंग भाषेचे आहे, व प्रस्तुत लेखात त्याच अंगाचा विचार करावयाचा आहे.

फुटबॉल आपल्या भागाला सर्वस्वी परका आहे, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. कळमनुरी तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात मोडत असे. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये झाला. त्या राज्याची राजधानी हे तेव्हा भारतीय फुटबॉलचे एक प्रमुख केंद्र होते. हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे जिंकला. त्या संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हेच पुढे मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे मार्गदर्शक होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतर बरोबर एका महिन्याने भारताने मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव केला. त्यांतील ३ गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत मात्र भारत आजवर खेळलेला नाही. १९५० मध्ये संधी असूनही संघ ब्राझीलला गेला नाही.

आता खेळाच्या रचनेकडे वळू. क्रिकेटचा सामना सुट्या घटकांचा बनलेला असतो. प्रत्येक चेंडू हे जणू एक पूर्ण वाक्य, आणि षटक हा परिच्छेद. प्रत्येक वाक्यानंतर विराम आहे, व त्या विरामात प्रेक्षक हिशेब करतो, चर्चा करतो, पुढचे भाकीत करतो. कबड्डीतही एक चढाई संपल्यावरच दुसरी सुरू होते. अमेरिकेतील बेसबॉल आणि तेथील देशी फुटबॉल यांची घडणही याच जातीची आहे, आणि तरीही १९९४ चा विश्वचषक अमेरिकेत भरला तेव्हा सुमारे ३६ लाख प्रेक्षक मैदानांवर आले. यावरून खंडित खेळाची सवय ही अखंड खेळाच्या आस्वादाला बाधक ठरतेच असे नाही, हे उघड आहे.

फुटबॉलचा सामना हा अखंड उच्चारप्रवाहासारखा असतो. अपरिचित भाषा ऐकताना शब्द कोठे संपतो हे प्रथम कळत नाही. सवयीने कानच सीमा पाडू लागतो. तसेच येथे होते. पाहणाऱ्याला चढाईचा आरंभ आणि अंत स्वतःच ओळखावा लागतो, आणि ते साधले की केवळ धावपळ वाटणाऱ्या दृश्यात अर्थ दिसू लागतो. गोल दुर्मीळ असल्यामुळे या अर्थाला धार येते. १८ डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना ७९ मिनिटांपर्यंत २–० असा पुढे होता. पुढील २ मिनिटांत फ्रान्सने बरोबरी साधली. विरामाची सोय नसलेल्या खेळातच असा पालट इतका अंगावर येतो.

या खेळाचे वर्णन करताना मराठीने जे शब्द योजिले तेही बोधक आहेत. ‘गोल’, ‘पेनल्टी’, ‘ऑफसाइड’ हे शब्द तसेच उचलले. परंतु ‘चढाई’ हा कबड्डीच्या, तसाच युद्धाच्या परिभाषेतला, ‘पूर्वार्ध’ व ‘उत्तरार्ध’ हे ग्रंथरचनेतले, तर ‘मध्यंतर’ रंगभूमीच्या ओळखीचा. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघच ‘तालीम मंडळ’ या नावाने उभे राहिले. नवे दृश्य जुन्या अनुभवाच्या शब्दांनी आपलेसे करण्याची ही रीत आहे.

सर्वांत लक्षणीय बाब सर्वनामाची आहे. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते व ‘आपण’ त्याला सामावून घेते. इंग्रजीत हा भेद एका शब्दाने दाखविता येत नाही. क्रिकेटमध्ये ‘आपण जिंकलो’ हे राष्ट्रीयत्वाने आपोआप ठरते. फुटबॉलमध्ये आरंभी ‘अर्जेंटिना जिंकली’ असा तृतीय पुरुष असतो, आणि काही सामन्यांनंतर तोच प्रेक्षक शेजाऱ्याला ‘आज आपण हरलो’ असे म्हणतो. येथील ‘आपण’ जन्माने मिळालेला नसून निवडीने मिळविलेला आहे, आणि त्यात शेजारी बसलेलाही गृहीत आहे. एरवी गावकी, जात, पक्ष यांनी ज्यांचे ‘आम्ही’ वेगवेगळे ठरतात, ती माणसे एका दूरच्या संघापुरती का होईना, एका ‘आपण’मध्ये बसू शकतात. या खेळाच्या आकर्षणाचे एक मर्म येथे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हे ‘आपण’ टिकावयाचे तर पाहिलेले सांगता आले पाहिजे. क्रिकेटला बाळ ज. पंडितांसारखे समालोचक लाभले, आणि आकाशवाणीवरून मराठी समालोचन घरोघरी पोहोचले. फुटबॉलच्या प्रेक्षकाच्या कानावर बहुधा इंग्रजी किंवा हिंदी पडते. तथापि चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी तोच सामना मराठीत पुन्हा सांगितला जातो. ते बोलणे टिपून ठेवणे हे आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. परिभाषा समित्यांत घडण्यापूर्वी ती अशाच ठिकाणी घडत असते.