पिछाडीचा मास्तर

फुटबॉलच्या सामन्यात गोल करणाऱ्या गड्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत येते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. आणि या पिछाडीच्या गड्यांनी कोठे उभे राहावे, केव्हा पुढे सरसावे व केव्हा मागे हटावे, हे शिकविणारा जो मैदानाच्या कडेला उभा असतो, त्याची तर कोणाला आठवणही होत नाही. अशाच एका शिक्षकाची हकिकत आज पाहावयाची आहे. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे नाव.

रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबाद येथे झाला. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे औरंगाबाद शहर १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होते. निजामी अमलात मराठवाड्यातील ज्या तरुणांना पदवीपर्यंत शिकावयाचे असे, त्यांच्यापैकी पुष्कळांना हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा रस्ता धरावा लागे. रहीम हे त्याच विद्यापीठाचे पदवीधर. विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले आणि शिक्षण संपल्यावर शाळामास्तर झाले. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट इत्यादी शाळांतून त्यांनी अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते शाळेतील खेळांची व्यवस्था पाहू लागले. म्हणजे खेळाडूंना शिकविण्यापूर्वी त्यांनी मुलांना शिकविले होते, आणि ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

त्यांच्या हाताखाली तयार झालेला पहिला नामांकित संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स करंडक ही त्या काळची मोठ्या मानाची स्पर्धा होती. हैदराबादच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे तो करंडक जिंकून नेला. १९५१ साली दिल्ली येथे पहिले आशियाई सामने झाले, तेव्हा भारतीय संघाचे शिक्षक रहीमच होते. अंतिम सामन्यात इराणवर एक गोलने मात करून भारताने सुवर्णपदक मिळविले. येथवरचा मार्ग सुखाचा होता. परंतु शिक्षकाची खरी परीक्षा यशात होत नाही. ती पुढच्याच वर्षी झाली.

ती कशी झाली हे समजण्यासाठी खेळातील एक नियम लक्षात घेतला पाहिजे. चेंडू पुढे दिला जात असता, तो ज्याच्यासाठी दिला त्या गड्याच्या पुढे प्रतिपक्षाचे ठराविक गडी नसतील, तर तो गडी ऑफसाइड ठरतो. पूर्वी असे तीन गडी असावे लागत; १९२५ साली ही संख्या दोनवर आणण्यात आली. बदल एका आकड्याचा, परंतु त्याने खेळाचे रूप पालटले. चढाई सोपी झाली आणि पिछाडीस दोनच बॅक ठेवण्याची जुनी पद्धत उघडी पडली. इंग्लंडातील आर्सेनल संघाचे चालक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफला मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभे केले. हाच तिसरा बॅक होय. युरोपात अशा रीतीने पिछाडीची नवी मांडणी होत असता आपल्याकडे मात्र दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड हीच रचना चालू राहिली. दोन पहारेकरी असलेल्या वाड्यावर तिघे तीन दारांनी चालून आले, तर एक दार बेवारस राहणारच. मग पहारेकरी कितीही शूर असोत.

१९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये तेच घडले. युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढविले. भारताला एकच करता आला. भारताचे बहुतेक गडी त्या थंड हवेत अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर बूट घालणे सक्तीचे झाले आणि पुष्कळांना वाटले की दुखणे एवढेच होते. वस्तुतः बूट घातल्याने पाय सुरक्षित होतो, पिछाडी नव्हे.

वर्गातील मुले नापास झाली म्हणजे मुलेच मंद आहेत असे म्हणून मोकळे होणारे शिक्षक थोडे नाहीत. रहीम यांनी धडाच बदलला. ज्या रचनेने आदल्या वर्षी सुवर्णपदक मिळवून दिले होते, ती टाकून देणे हे सोपे काम नव्हे. परंतु नंतरच्या वर्षांत त्यांच्या संघांतून दोन बॅकांची पद्धत मागे पडली. प्रथम तिसरा बॅक आला, आणि पुढे पिछाडीस चार, मध्ये दोन व आघाडीस चार अशी मांडणी आली. १९५८ साली ब्राझीलने विश्वकरंडक जिंकला तो याच धर्तीच्या मांडणीने, आणि तेव्हापासून ती जगभर प्रसिद्ध झाली.

या मांडणीचे मर्म केवळ आकड्यांत नाही. पिछाडीस चौघे उभे केले की मध्यभागी दोघेच उरतात. संघावर चढाई झाली म्हणजे त्या दोघांनी मागे धावावयाचे आणि चेंडू हाती लागताच पुढे जावयाचे. आघाडीच्या गड्यालाही चेंडू गमावल्यावर स्वस्थ उभे राहता येत नाही. म्हणजे बचाव हे चार जणांचे काम न राहता अकरा जणांचे होते. ज्याला आपल्या शेजाऱ्याचे काम येत नाही, तो अशा संघात ओझे ठरतो. रहीम यांनी लहान मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्याचे सांगतात की, ज्यांत दुबळ्या पायानेच चेंडू मारण्याची मुभा असे. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने खेळावयाचे आणि डावखोऱ्याने उजव्याने! प्रथम मुले अडखळत. परंतु पुढे त्यांना मैदानाची कोणतीही बाजू परकी राहत नसे.

धडा बदलल्याचे फळ हळूहळू दिसले. १९५६ साली मेलबर्न येथे भारताची पहिली फेरी हंगेरीने माघार घेतल्यामुळे खेळावी लागली नाही. दुसऱ्या फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाचा भारताने ४–२ असा पराभव केला. त्यांपैकी तीन गोल आसगावच्या नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय खेळाडूने केले. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. या वेळी मध्यंतरापर्यंत प्रतिपक्षाला एकही गोल करता आला नाही. मध्यंतरानंतर पहिला गोल तर भारताचाच झाला. अखेर सामना १–४ असा गेला व भारत चौथा आला. तथापि दहाचे चार झाले होते. १९६० साली रोम येथे भारताने फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी केली आणि बलाढ्य हंगेरीकडून केवळ एका गोलने हार खाल्ली.

१९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सामने भरले, तेव्हा रहीम यांच्या शरीरात कर्करोगाने ठाण मांडले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ०–२ असे हरविले. थायलंडविरुद्ध विजय मिळाला, परंतु पिछाडीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग डोक्याला खोच पडून जखमी झाला आणि जखमेला टाके घालावे लागले. जपानविरुद्धचा सामना त्याच्यावाचून जिंकावा लागला. आता उपांत्य सामन्यासाठी त्याला पुन्हा बॅक म्हणून उभा करावा, तर उंच चेंडू अडविताना जखम उघडण्याची भीती. बसवून ठेवावा, तर संघाचा मोठा गडी वाया जातो. रहीम यांनी पिछाडी अरुण घोष आणि त्याच्या सोबत्यांवर सोपविली आणि जर्नेलला चक्क आघाडीवर नेऊन उभे केले! जन्मभर गोल अडविणारा गडी गोल करावयास निघाला. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या सामन्यात भारत ३–२ असा विजयी झाला आणि त्यांतील एक गोल जर्नेलचा होता.

४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर आला. प्रेक्षक भारताच्या विरुद्ध गेलेले होते. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, लगेच दुसरा जर्नेलसिंगने केला. त्यानंतर प्रदीर्घ वेळ भारताच्या पिछाडीने तो फायदा राखला. कोरियाला एकच गोल करता आला आणि तोही सामना संपत आला असताना. दोन विरुद्ध एक असा सुवर्णपदकाचा निकाल लागला. गोल कोणी केले हे नोंदीत आहे. परंतु ज्याच्या जागी बॅक नव्हता, त्याची जागा इतरांनी भरून काढली, ही गोष्ट त्या गोलांइतकीच मोलाची होती. दहा वर्षांपूर्वी दहा गोल खाणाऱ्या संघाच्या शिक्षकाने मधल्या काळात काय शिकविले, याचे उत्तर त्या दुपारी मिळाले.

यानंतर वर्षही पुरते लोटले नाही, तोच ११ जून १९६३ रोजी रहीम यांचे निधन झाले. १९६२ नंतर आशियाई सामन्यांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला मिळालेले नाही. १९७० साली बँकॉक येथे कांस्यपदक मिळाले, तेव्हा शिक्षकांपैकी एक होते रहीम यांचेच शिष्य प्रदीपकुमार बॅनर्जी. क्रीडाशिक्षकांसाठी सरकारने द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला तो १९८५ साली, म्हणजे रहीम यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. त्यांच्या जीवनावरचा चित्रपट यावयास तर २०२४ साल उजाडावे लागले.

शिक्षकाच्या कामाचे स्वरूप पिछाडीच्या खेळासारखेच असते. ते नीट झाले म्हणजे कोणाच्या नजरेस येत नाही. नसले म्हणजे मात्र दर सामन्यास जाणवते. एक पिढी शिकवून तयार होते आणि तिच्यानंतर तिच्या जागी उभे राहणारे तयार केले नाहीत, तर वाड्याचे ते दार पुन्हा बेवारस राहते. रहीम यांच्यानंतर भारतीय फुटबॉलचे जे झाले, त्याचा अर्थ बहुधा एवढाच आहे.