हिमस्खलन : ओळख आणि दक्षता

काश्मीरमधील गुलमर्ग हे भारतातील स्कीइंगचे प्रमुख केंद्र होय. तेथील रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये व दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. त्यामुळे सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गहून पीर पंजाल रांगेतील अफरवतच्या माथ्याजवळ अल्पावधीत पोहोचता येते. गस्ती पथकाच्या देखरेखीखालील उतार सोडून आजूबाजूच्या अस्पर्श हिमावरून उतरण्याचे आकर्षण स्कीपटूंना असते; परंतु खरा धोकाही तेथेच असतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग परिसरात प्रशिक्षण घेत असलेले १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर दोन पोलिश, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गजवळ एक रशियन स्कीपटू प्राणास मुकला.

हिमस्खलन का होते?

हिवाळाभर पडणारे हिम थराथरांनी साचते. सर्वच थर सारखे मजबूत नसतात. कडक थंडीत पातळ हिमाच्या तळाशी साखरेच्या दाण्यांसारखे सुटे कण तयार होतात. त्यावर नव्या हिमाचा जड थर बसला की, तो ठिसूळ पायावर उभारलेल्या भिंतीसारखा असतो. भार वाढताच खालचा थर कोसळतो आणि वरची संपूर्ण लादी तुटून वेगाने घसरू लागते.

अशी स्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. स्कीपटूंना प्रिय असलेले उतारही नेमके हेच. नवे हिम पडले नसले तरी वारा एका बाजूचे हिम उडवून आडोशाच्या बाजूस साठवतो. म्हणून निरभ्र आकाश सुरक्षिततेची हमी देत नाही. अलीकडेच झालेले स्खलन, पायाखाली उमटणाऱ्या भेगा, हिम खचल्याचा ‘धप्प’ असा दबका आवाज, जोरदार हिमवृष्टी आणि अचानक वाढलेले तापमान ही निसर्गाने दिलेली सूचनाचिन्हे होत. विशेष म्हणजे, स्कीपटू ज्यात सापडतात ती बहुतेक स्खलने त्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्याच भाराने सुटतात.

पहिली पंधरा मिनिटे

हिमाखाली पूर्णपणे गाडला गेलेला मनुष्य दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास वाचण्याची शक्यता मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते व अर्ध्या तासानंतर फार थोड्यांचे प्राण वाचतात. एवढ्या वेळात बाहेरचे मदत पथक सहसा पोहोचू शकत नाही. त्यामुळे सोबती हेच खरे रक्षक ठरतात. प्रत्येकाजवळ संदेश देणारे व शोधणारे बीकन, शोधकाठी आणि फावडे असलेच पाहिजे आणि त्यांच्या वापराचा सरावही हवा. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडावा व इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर लक्ष ठेवावे.

पूर्वसूचना आणि निर्णय

हिमाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती चंदीगड येथे मुख्यालय असलेल्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. या संस्थेमार्फत हिमस्खलनाच्या पूर्वसूचना दिल्या जातात. धोक्याच्या पंचस्तरीय मोजपट्टीतील तिसरा स्तर मधला, म्हणून सौम्य समजणे चुकीचे आहे. आल्प्स पर्वतातील अनेक प्राणघातक अपघात याच स्तरावर घडले आहेत. कारण त्या वेळी धोका वाढलेला असतो, पण लोक माघार घेत नाहीत.

महाराष्ट्रातील अनेक तरुण हिमालयातील साहसशिबिरांत भाग घेतात. सह्याद्रीच्या दरडीखालील गावातील जाणता माणूस डोंगरावरील भेग पाहून सावध होतो. हिमाची अशी चिन्हे मात्र आपल्या परिचयाची नसतात. म्हणून विद्यार्थ्यांना अशा शिबिरांस पाठवताना शिक्षकांनी व पालकांनी आयोजकांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : त्या दिवसाची पूर्वसूचना कोण पाहणार? शोधसाहित्य प्रत्येकाजवळ असेल काय? आणि माघारीचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला राहील? या तिन्ही प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाल्यावाचून संमती देऊ नये.