घारापुरीच्या पायवाटा

ज्वालामुखीचं बेट म्हटलं की धुमसतं शिखर डोळ्यांपुढे येतं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातलं घारापुरी तसं नाही. इथे ज्वालामुखीचं तोंड कुठेच सापडणार नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरांवर थर साचले, त्यांतूनच सह्याद्रीही घडला. घारापुरी हा त्याच काळ्या कातळाचा, समुद्राने वेढलेला तुकडा.

मुंबईच्या गेटवेहून लाँचने तासाभरात धक्क्यावर उतरता येतं. बहुतेक जण सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढतात, लेणी पाहतात आणि परततात. थोडं पुढे चला. पश्चिमेच्या टेकडीवरची वाट माथ्यावर जाते. तिथे जुन्या तोफा आहेत आणि खाली खाडी पसरलेली दिसते. पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही तीन गावंही बेटावरच आहेत.

वाटेत कातळाजवळ थांबा, हात लावून पाहा. कुठे कुठे बारीक भोकं दिसतात. तापलेला लाव्हा थिजताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे ती राहिली. काहींत पुढे पांढरी खनिजं भरली. लेण्यांतली महेशमूर्ती कोरली गेली ती ह्याच दगडात, बाहेरून एकही शिळा न आणता. मला तरी लेण्यांइतकाच हा दगड मोठा वाटतो.

पावसाळ्यात कातळ शेवाळतो, तेव्हा माथ्याची वाट टाळावी. सोमवारी लेणी बंद असतात. पाणी सोबत घ्या, आणि परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.