दोनच विषय का?

लहान शाळेत भौतिकशास्त्राचा शिक्षकच नसेल, तर मुलाने काय करायचे? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९९७ साली यासाठी सरकारी दूरशाळा काढली. शिक्षक संगणकावरून शिकवतात. खासगी शाळेतील मुलांनाही तेथील विषय मोफत घेता येतात. २००१ च्या कायद्याने गरीब मुलांना खासगी शाळेसाठी शिष्यवृत्ती आली. पण ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला अनेक वर्षे दूरशाळेचे वर्षाला दोनच विषय घेण्याची मुभा होती. एकाच मुलावर दोनदा सरकारी खर्च नको, असा हिशेब. फी भरून शिकणाऱ्याला मात्र ही अट नव्हती!

पालकहो, शाळेचे दार उघडले म्हणजे शिक्षण मिळाले असे नाही. २०२० च्या टाळेबंदीत एका मोबाईलसाठी भावंडांची ओढाताण आपणही पाहिली. दारामागची कुलपेही मोजायला शिकू या.