पाय रात्री शांत का राहत नाहीत?

दिवसभर राबलेल्या बाईचे पाय दुखणारच, असे आपल्या घरांत धरूनच चालतात. पण दुखणे वेगळे आणि शिवशिवणे वेगळे. इशाची नमाज झाली, भांडी आवरली, अंग अंथरुणाला टेकले की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागते. कुणी मुंग्या म्हणते, कुणी किडे चालतात म्हणते, कुणी नस ओढते म्हणते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावले टाकली की बरे वाटते, पडले की पुन्हा सुरू. ओढणीने पोटऱ्या घट्ट बांधून, मुलीकडून पाय दाबून घेऊन कुठे डोळा लागतो, तोवर फज्रची अजान होते. रमजानमध्ये तर सहेरीमुळे उरलीसुरली झोपही जाते.

याला डॉक्टर रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. आजार जुना आहे. इंग्लंडच्या थॉमस विलिस या वैद्याने सतराव्या शतकात त्याचे वर्णन केले, आणि १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी तो नीट मांडला. ओळखायला मशीन लागत नाही. पाय हलवण्याची अनावर ओढ, ती आराम करताना येणे, चालल्याने कमी होणे आणि संध्याकाळी किंवा रात्री वाढणे, या चार गोष्टी जुळल्या आणि दुसरे कारण सापडले नाही की निदान होते. नजर उतरवण्यात किंवा 'वाऱ्याचे आहे' म्हणण्यात वर्षे घालवू नयेत.

पुरुषांच्या मानाने बायकांत हा त्रास जवळजवळ दुप्पट आढळतो. त्याचे एक कारण लोह. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन हालचालींवर लगाम ठेवते आणि त्याच्या कामाला लोह लागते. दर महिन्याची पाळी, एकामागून एक बाळंतपणे, अंगावर पाजणे, यांत बाईचे लोह जात राहते. दुसरा धागा हार्मोन्सचा. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, सुमारे पाचातल्या एकीला हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. पुढे पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन उतरते, अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, झोप तुटते, आणि पायांची तक्रारही अनेकींत वाढते.

आता बीड जिल्ह्याकडे वळू, कारण इथे हा विषय नुसत्या झोपेचा राहत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि गाळप संपेपर्यंत फडावर राहायचे. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या; कोपीत ना संडास ना न्हाणी. पाळीत अंगावरून जास्त जाते म्हणून एक दिवस घरी राहिले तर 'खाडा' लागतो, पैसे कापले जातात. अशा बाईला कुणी सांगितले की पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, तर ती का ऐकणार नाही? 'नाही काढली तर कॅन्सर होईल' अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले आहे.

२०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींत एक. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या.

पिशवी काढली की रक्त जायचे थांबते, हे खरे. पण आधी रिकामी झालेली लोहाची कोठी लगेच भरत नाही. बाई पुन्हा फडावर जाते, भाकरी-चटणी खाते, आणि रात्री पाय शिवशिवतच राहतात. त्यातच पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील तर जे पन्नाशीच्या आसपास हळूहळू व्हायचे ते तिशी-पस्तिशीत एका दिवसात होते. इस्ट्रोजेन एकदम कोसळते, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. अंडाशये ठेवली तरी काहींची रजोनिवृत्ती लवकर येते.

आपल्या घरांत याला आणखी एक बाजू आहे. रक्त थांबेना की नमाज-रोजाचा हिशेब लागत नाही आणि पिशवी काढण्याचा सल्ला गोड वाटतो. इस्तिहाजात नमाज माफ नाही, वुजू करून ती अदा करायची, हा मसला बायका विचारून घेतात. पण त्याच रक्ताबद्दल डॉक्टरला विचारायला वर्षे लावतात. लाज वाटते, आणि घरात पैसाही नसतो, दोन्ही खरे आहे.

विचारावे काय? आधी हिमोग्लोबिन आणि त्यासोबत फेरिटिन. फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची शिल्लक. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही ती तळाला गेलेली असू शकते. आणखी एक खोच आहे. फेरिटिन १५-२० असले तरी लॅबच्या कागदावर अनेकदा 'नॉर्मल' छापून येते, पण पायांच्या या आजारात ते ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. म्हणून कागद डॉक्टरांना दाखवताना पायांची तक्रार तोंडाने सांगावी. तपासल्याशिवाय मात्र लोह घेत बसू नये, जास्त झालेले लोहही घातक असते. गोळी चहा-दुधासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. रमजानमध्ये इफ्तारनंतर दोनेक तासांनी घेतलेली बरी. शौच काळे होते, त्याला घाबरू नये.

सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरची काही औषधे आणि नैराश्यावरची काही औषधे हा त्रास वाढवतात. मेडिकलवाल्याकडून झोपेसाठी गोळी आणली आणि पाय अधिकच खवळले, असे होते ते यामुळेच. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजारही तपासून घ्यावा. लोह भरूनही त्रास राहिला तर वेगळी औषधे आहेत, ती डॉक्टर ठरवतील.

जास्त रक्तस्रावावर पिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे. सोनोग्राफी, गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबी हे त्याआधी येतात. कुणी शस्त्रक्रिया सुचवलीच तर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घेता येते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले आहे, तेव्हा 'का काढायची?' हे विचारणे म्हणजे उर्मटपणा नव्हे.

आणि ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवावे. अंडाशये काढली की ठेवली, हे त्यावर लिहिलेले असते. पुढचा डॉक्टर पायांबद्दल, झोपेबद्दल, हाडांबद्दल काही ठरवण्याआधी हेच विचारेल.