फ्लॅशची शिदोरी आणि विश्रांती

वधूवर माळा घालतात तो क्षण फोटोग्राफरसाठी थांबत नाही. चार सेलांचा फ्लॅश एकदा लखलखला की आतला कपॅसिटर पुन्हा सुमारे 300 व्होल्टपर्यंत भरावा लागतो. सेल थकले की हा खोळंबा वाढतो, अन् मजुरी बुडते. म्हणून कॅमेऱ्याच्या मुठीत किंवा कमरेला जादा बॅटरी बाळगतात. ती घेताना आपल्या फ्लॅशला बाहेरच्या विजेचे सॉकेट आहे काय, आणि तार त्याच सॉकेटची आहे काय, हे आधी पाहावे. उच्च दाबाची बॅटरी कपॅसिटर थेट भरते. खोळंबा पुष्कळ घटतो. पण झेनॉनची नळी तीच राहते. लागोपाठ राबविली तर ती तापून निकामी होते. शिदोरी वाढली म्हणून विश्रांती चुकत नाही. कामगाराला हे सांगावे लागत नाही.