चढावरचं पाणी

आषाढी जवळ आली की नाशिक-पुण्याकडून पंढरपूरला निघालेल्या सायकल वाऱ्यांचे फोटो झळकू लागतात. एकसारख्या जर्सी, रस्त्याकडेला केळी वाटणारी मंडळी, मागून पाण्याचे जार घेऊन येणारा टेम्पो. परतलेल्यांपैकी बहुतेक जण एकच सांगतात: किलोमीटर विसरलो, माणसं लक्षात राहिली. कुणी ताक पाजलं, कुणी ओसरीवर झोपू दिलं, कुणी पंक्चरचे पैसे घेतले नाहीत. कन्याकुमारी गाठून आलेले गट हेच सांगतात, मनालीहून लेहला गेलेलेही. खोटं कुणीच सांगत नाही. माझी तक्रार आहे ती त्यांना वाटणाऱ्या आश्चर्याबद्दल. ती माणसं तिथे का होती, आपल्यासाठी का थांबली, दुसऱ्या कुणासाठी थांबली असती का, हे आपण विचारतच नाही. देवमाणूस भेटला म्हणायचं आणि पुढच्या फोटोकडे वळायचं.

यंदा हे विचारायला निमित्तही आहे. अमेरिकेतल्या ‘बाइकसेंटेनियल’ला या उन्हाळ्यात पन्नास वर्षं होत आहेत. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, चार हजारांहून जास्त माणसं सायकलवरून देश पाहायला निघाली. ओरेगॉनचा पॅसिफिक किनारा ते व्हर्जिनियातलं यॉर्कटाउन हा पल्ला होता ४२५० मैलांचा, म्हणजे जवळपास ६८०० किलोमीटर. बरेचसे लोक लहान तुकड्या करून चालले होते आणि अशा तुकडीला एक म्होरक्या असे. हमरस्ते टाळून, सहसा कुणी पाहुणा फिरकत नाही अशा गावांमधून ही वाट मुद्दाम आखलेली होती.

व्हर्जिनियातलं ॲफ्टन हे त्यातलंच एक. यॉर्कटाउनहून पश्चिमेकडे निघालं की सुरुवातीला सपाटी लागते आणि मग समोर ब्लू रिज पर्वत उभा राहतो. त्या चढावर जून करी नावाची बाई वडिलांसोबत राहायची. घामाघूम झालेली मुलं दाराशी थांबून पाणी मागू लागली, तेव्हा बापलेकींनी त्यांच्यासाठी पाण्याची सोय केली. पुढे बाईंनी बिस्किटं भाजायला घेतली. घराशेजारची एक जागा सायकलवाल्यांना झोपायला मोकळी करून दिली. तिथल्या भिंती जगभरातून आलेल्या पोस्टकार्डांनी भरून गेल्या. तो एक उन्हाळा सरला तरी बाईंचा नेम सरला नाही. २०१२ साली, ९१व्या वर्षी त्या वारल्या तोवर त्यांच्या दारातून हजारो सायकलस्वार गेले होते. त्यांचं नाव पडलं ‘कुकी लेडी’. बाइकसेंटेनियलमधून उभ्या राहिलेल्या ‘ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’नं वाटेवरच्या मदतगारांसाठी पुरस्कार सुरू केला, तो त्यांच्याच नावाचा.

जागा महत्त्वाची

या बाईंच्या चांगुलपणाबद्दल भरपूर लिहिलं गेलं. त्यांच्या घराच्या जागेकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तेच घर सपाटीवर असतं, तर सायकली ताशी पंचवीसच्या वेगानं समोरून निघून गेल्या असत्या. चढावर वेग सहा-सातवर येतो, बाटली संपलेली असते आणि मान आपोआप घरांकडे वळते. अंगणातल्या माणसाला सायकलवाल्याचा चेहरा दिसतो, धाप ऐकू येते. एक वाक्य विचारून उत्तर ऐकण्याइतका वेळ दोघांकडे असतो. मोटारीत बसलेल्याशी असं बोलणं होत नाही, कारण तो काचेआड असतो आणि त्याला काही हवं आहे असं दिसत नाही.

आपल्याकडेही हेच दिसेल. दिवे घाट, कसारा, आंबोली, खंबाटकी, कुठलाही घाट घ्या. सायकलवाल्यांना भेटलेली माणसं बहुतेक चढ संपतो तिथल्या टपरीवर, माथ्यावरच्या देवळात, नाहीतर पुढच्या वस्तीतल्या पहिल्या नळापाशी भेटलेली असतात. जिथे दम लागतो तिथे माणूस भेटतो. यात चमत्कार नाही, भूगोल आहे.

प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी केलेला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे आठवतो. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला होता, अर्थात ठरवून. ज्यांना घाई केली होती त्यांच्यापैकी १० टक्के थांबले आणि ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के. गंमत अशी, की काही जण परोपकारी वाटसरूच्या बायबलमधल्या दाखल्यावरच बोलायला निघाले होते. विषयाचा थांबण्याशी फारसा संबंध दिसला नाही, घड्याळाचा दिसला. तेव्हा खेड्यातली माणसं मनानं चांगली आणि शहरातली वाईट हे आपलं आवडतं निदान जरा बाजूला ठेवावं. चाकणच्या चौकात सायकल बंद पडली आणि कुणी थांबलं नाही, तर तिथल्या माणसाला शिफ्ट गाठायची असते, एवढंही कारण पुरतं.

सहा माणसं म्हणजे किती भाकरी?

गटानं जाण्याचा हिशेब आणखी वेगळा. एकटा सायकलवाला दाराशी आला तर घरच्या स्वयंपाकात भागतो. सहा जण आले की चूल पुन्हा पेटवावी लागते, कारण दिवसभर पॅडल मारलेली सहा माणसं सहा भाकऱ्यांवर उठत नाहीत. पंचवीस आले तर घर कितीही मोठ्या मनाचं असो, काम त्याच्या हातातलं राहत नाही. मग देऊळ, समाजमंदिर किंवा जिल्हा परिषदेची शाळा लागते, नांदेडसारख्या ठिकाणी गुरुद्वाऱ्याचा लंगर लागतो. एका आकड्यानंतर दयेला व्यवस्था व्हावं लागतं. मोठे गट परत येऊन ‘गावानं आमचं केलं’ असं सांगतात, तेव्हा त्यामागे चावी कुणाकडे आहे, पाण्याची टाकी कोण भरेल, शौचालय उघडं आहे का, याची खटपट कुणीतरी आदल्या दिवशी केलेली असते.

बाइकसेंटेनियलवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. वाटेवरच्या गावांशी बोलून शाळा, चर्च अशा जागा त्यांनी मुक्कामासाठी ठरवून ठेवल्या. केंटकीतल्या सेब्री गावच्या बॅप्टिस्ट चर्चनं सायकलवाल्यांना ठेवून घ्यायची रीत पुढे कित्येक वर्षं चालवली. आपल्याला तर हे नवं वाटायलाच नको. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात हाच प्रश्न सोडवलेला आहे. दिंड्यांचे क्रम ठरलेले, मुक्काम ठरलेले, कुठल्या गावी दुपारचा विसावा हेही ठरलेलं. वाटेवरच्या कितीतरी घरांत अमुक दिंडीची पंगत आपल्याकडे, हे आजोबांपासून चालत आलेलं असतं. वारकरी त्या घराला अनोळखी असेल, त्याचं येणं अनोळखी नसतं. सायकल वारी या तयार वाटेवरून जाते. तिला मिळणाऱ्या ताकात निदान दोन शतकांचं विरजण आहे.

अशी वाट मागे नसताना गेलेले लोकही आहेत, आणि ते मुंबईचेच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असे ४४ हजार मैल फिरून १८ मार्च १९२८ला गट मुंबईत परतला, तेव्हा त्यात तिघेच उरले होते: आदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. एक जण तेहरानहून मागे फिरला होता, एक अमेरिकेतच राहिला, आणखी एकानं वाट सोडली होती. गोव्यात राहणारे अनुप बाबानी यांनी अशा विसरलेल्या सायकलस्वारांच्या हकिगती शोधून पुस्तकरूपानं समोर आणल्या, हे मोठंच काम. त्या काळी ना फोन, ना आधी ठरवलेली खोली. त्यामुळे संध्याकाळ झाली की समोरच्या माणसाला विचारण्यावाचून गत्यंतर नसे. आज आपण नेमकं हे विचारणंच काढून टाकलंय.

मागून येणारा टेम्पो

हल्लीच्या मोठ्या गटांच्या मोहिमा पाहा. मागे आधाराची गाडी, तिच्यात सुटे टायर, मेकॅनिक, इलेक्ट्रॉल, उकडलेले बटाटे. मुक्काम हॉटेलात. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच आहे; ट्रकांच्या रस्त्यावर पन्नास जणांची जबाबदारी घेणाऱ्या आयोजकाला मी गाडी नको असं सांगणार नाही. पण मग गावाशी संबंध येतो तो सेल्फीपुरता. ज्याला काहीच नको, त्याला कुणी काय देणार?

विनोबांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले. विनोबांचा त्यांना सल्ला होता: जवळ पैसे ठेवू नका. खिसा रिकामा असला की रोज संध्याकाळी कुणाचं तरी दार वाजवावं लागतं आणि दार वाजवलं की बोलणं होतं. मॉस्को, पॅरिस, लंडन करत ते दोघे वॉशिंग्टनला पोचले. सायकलवाल्यांनी इतकं टोक गाठायची गरज नाही, पण त्यातला तर्क घ्यावा.

मागायला आपण कचरतो, कारण समोरचा नाही म्हणेल असं वाटतं. शुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांचं २०२२ सालचं संशोधन सांगतं, की हा अंदाज सहसा चुकतो. मदत मागणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा लोक जास्त राजी असतात आणि मदत करून त्यांना जास्त बरं वाटतं.

पंक्चरवाल्याचंच पाहा. हायवेवर साध्या सायकलची पंक्चर काढणारी दुकानं आता कमीच. आहेत ती ट्रकच्या टायरची. महागड्या सायकलच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि ट्रकच्या कंप्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही. दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर सोबत नसेल तर लाखाची सायकल तिथेच उभी. मग तो माणूस रबराचा तुकडा गुंडाळून बघतो, पोराला गावात पिटाळतो, आपलं गिऱ्हाईक थांबवून ठेवतो आणि शेवटी पैसे नको म्हणतो. इथे आपली सायकल महाग असल्याचा उपयोग शून्य. त्याच्याकडे असलेलं कसब आणि वेळ, एवढ्यावरच सगळं चालतं.

कुणासाठी?

आता नावडता भाग. अनोळखी माणूस नेहमी चांगलाच निघतो, असं नाही. जुलै २०१८मध्ये ताजिकिस्तानात सात परदेशी सायकलस्वारांच्या गटावर हल्ला झाला आणि चौघे मारले गेले. हे विसरून जगाच्या भलेपणाचं गाणं गाणं हा त्या चौघांवर अन्याय आहे.

आपल्या घराजवळचा प्रश्न अधिक खोचक आहे. मे २०२०मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबई-आग्रा महामार्गावरून हजारो मजूर गावाकडे निघाले होते, बरेच पायी, काही गटागटानं जुन्या सायकली घेऊन. कसाऱ्याच्या घाटात त्यांनाही लोकांनी जेवण दिलं, पाणी दिलं, पायात चपला दिल्या; ती माणसं आपलीच आणि त्यांचा अभिमान वाटावा. पण काही गावांच्या वेशीवर त्याच काळात काटेरी झुडपं टाकली गेली होती, तीही आपलीच गावं. भीती रोगाची होती, हे खरं. तरी जर्सी-हेल्मेटवाल्या गटाला आणि कॅरियरवर बोचकं बांधलेल्या गटाला आपण एकाच नजरेनं पाहतो असं छातीठोक सांगता येणार नाही. जखमी वडिलांना मागे बसवून एक पंधरा वर्षांची मुलगी गुरुग्रामहून दरभंग्याला सायकलनं गेली, तेव्हा सायकल फेडरेशननं तिला चाचणीला बोलावलं. देशाला तिच्यात खेळाडू दिसली. ती नाइलाजानं निघाली होती, हे कौतुकात बुडालं.

ओसरीवर पाणी देता देता ‘पाव्हणं कुठलं?’ असं विचारतात, मग हळूच आडनाव विचारतात. त्या उत्तरावर कधी कधी आतल्या खोलीचं दार उघडतं किंवा ओसरीवरच आटपतं. गटात बायका असतील तर मात्र चित्र पालटतं: देवळाच्या आवारातला मुक्काम कुणीतरी काकू आपल्या घरात हलवते, आणि त्या आधारानं पुरुषांनाही गरम जेवण मिळतं. म्हणजे दया असते, पण ती माणूस पाहून बेतली जाते. हे ठाऊक असलेला सायकलवाला जास्त कृतज्ञ होतो, कमी भाबडा.

म्हणून यंदाच्या आयोजकांना सुचवावंसं वाटतं. एका दिवसाचं तरी जेवण आधी ठरवू नका. मार्ग सांगून गावाला आधी कळवा आणि तिथे काय मिळेल ते पैसे देऊन खा. शाळेत उतरलात तर सकाळी वर्ग झाडून निघा. केळ्याच्या साली आणि एनर्जी जेलची रिकामी पाकिटं तुमची आहेत, ग्रामपंचायतीची नाहीत. आणि महत्त्वाचं काम परतल्यावरचं आहे. आपल्याच सोसायटीत पाठीवर खोका घेऊन सायकलवर येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला लिफ्ट वापरायला बंदी असते, फाटकावर पिण्याच्या पाण्याचा नळ नसतो. तोही दिवसभर पॅडल मारतो, त्यालाही चढ लागतो, फक्त त्याच्या गळ्यात पदक नसतं. सोसायटीच्या पुढच्या सभेत पंढरपूरच्या अनुभवाचं कथन ठेवण्याआधी हा नळाचा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि मंजूर करून उठावं.